मेक्सिकोचं कणीस भाजू या!

भाजलेल्या कणसाला लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळायचं ही युक्ती फक्त आपल्या चौपाटीवरच्या गाडीवाल्या काकांना माहीत आहे, असं वाटतं ना? मग ऐका. आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर, मेक्सिको नावाच्या देशात, आज संध्याकाळीही कुणीतरी गरम कणसावर लिंबू पिळत असेल, मीठ भुरभुरत असेल आणि लाल तिखट लावत असेल!

मेक्सिको म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण सीमेला लागून असलेला देश. तिथे कोवळ्या कणसाला म्हणतात ‘एलोते’ आणि ते विकणाऱ्याला ‘एलोतेरो’. संध्याकाळ झाली की चौकात, बागेबाहेर, चर्चच्या समोर या एलोतेरोंच्या गाड्या लागतात. कुणाच्या गाडीवर मोठ्या पातेल्यात कणसं उकडत असतात, तर कुणाकडे निखाऱ्यावर भाजत असतात. साधं कणीस हवं असेल तर लिंबू, मीठ, तिखट. थाटाचं हवं असेल तर कणीस काडीला टोचायचं, त्याला चोहोबाजूंनी मेयोनीज किंवा घट्ट साय फासायची, ते खारट चीजच्या चुऱ्यात घोळवायचं, वर लाल तिखट भुरभुरायचं आणि शेवटी लिंबू पिळायचं. दाणे सोलून पेल्यात घालून दिले, की त्याचं नाव ‘एस्कितेस’.

आज आपण हे थाटाचं कणीस घरी करणार आहोत. पण घाई करायची नाही. कणीस सोलण्यापासून ते लिंबू पिळण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकेक नवल दडलेलं आहे. ते बघत बघत जाऊ.

एक केस, एक दाणा

कणीस हातात घ्या आणि त्याचा हिरवा पाला हळूहळू, एकेक पान करून सोडवा. आत मऊ केस दिसतील. हे केस ओढून फेकून देऊ नका. एक केस चिमटीत धरा आणि तो कुठे जातो ते बघत खाली या. तो दोन ओळींच्या मधल्या फटीतून जातो आणि एका दाण्याच्या टोकाशी थांबतो. दुसरा केस धरा, तो दुसऱ्या दाण्याशी जातो. प्रत्येक दाण्याचा स्वतःचा एक केस असतो!

असं का? मक्याच्या झाडाच्या शेंड्यावर जो तुरा येतो, ती नरफुलं. कणसावर असतात ती मादीफुलं. तुऱ्यातून लाखो परागकण वाऱ्यावर उडतात. त्यातला एखादा पाल्याबाहेर डोकावणाऱ्या केसाच्या टोकावर पडला, की तो रुजतो. त्याच्यातून एक अतिशय सूक्ष्म नळी निघते आणि केसाच्या आतून खाली वाढत जाते. केस कधी कधी वीतभराहूनही लांब असतो, तरी ही नळी साधारण एका दिवसात तळाशी पोहोचते. मग तिथे दाणा धरतो.

आता तुमच्या कणसात कुठे रिकाम्या जागा आहेत का बघा. जिथे दाणा भरलेला नाही, तिथल्या केसापर्यंत परागकण पोहोचला नव्हता, असं बहुतेक वेळा समजावं. कणसाचं टोक तर पुष्कळदा बोडकंच असतं. बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर पडतात आणि टोकाचे सगळ्यांत शेवटी. तोवर तुऱ्यातले पराग संपत आलेले असतात. टोकाचे बिचारे दाणे वाट बघत राहतात!

ओळी मोजा

आता कणीस न मोडता, मधोमध बोट फिरवत दाण्यांच्या ओळी मोजा. किती आल्या? १२? १४? १६? घरातल्या सगळ्या कणसांच्या मोजा. शेजाऱ्यांच्याही मोजा. १३ किंवा १५ असा आकडा तुम्हाला सापडणार नाही. ओळी कायम सम संख्येत असतात.

याचं कारण कणीस अगदी तान्हं असतानाच ठरून जातं. तेव्हा ते इतकं लहान असतं की बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्याच्या अंगावर बारीक बारीक उंचवटे येतात, आणि प्रत्येक उंचवटा दुभंगून त्याचे दोन होतात. त्या दोघांमधून शेजारीशेजारी दोन दाणे तयार होतात. दाणे जोडीने येतात म्हणून ओळीही जोडीनेच येतात. एखाद्या कणसाची ओळ मध्येच वाकडी झालेली किंवा तुटलेली असते, म्हणून मोजणी मधल्या सरळ भागात करायची.

गवताचं कणीस कसं झालं?

सगळ्यांत मोठं नवल मात्र कणसाच्या जन्माचं आहे. मक्याचं झाड कुठल्याही जंगलात आपोआप उगवलेलं सापडत नाही. त्याचा रानातला पूर्वज आहे ‘तेओसिंते’ नावाचं एक मेक्सिकन गवत. त्याचं कणीस जेमतेम बोटाएवढं. त्यात ५ ते १२ बिया, आणि प्रत्येक बी चिंचोक्यासारख्या टणक कवचात बंद. पिकलं की सगळ्या बिया जमिनीवर गळून पडणार. हे खायचं तरी कसं?

दोघांमध्ये इतका फरक आहे, की तेओसिंते हाच मक्याचा पूर्वज असेल हे पुष्कळ शास्त्रज्ञांना पटतच नव्हतं. जॉर्ज बीडल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला मात्र ते पटलेलं होतं. त्यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं, की तेओसिंतेचे दाणे तापवले तर त्यांच्या लाह्या फुटतात आणि कवच आपोआप सुटतं. म्हणजे जुन्या काळची माणसं हे दाणे खाऊ शकत होती! पुढे १९५८ मध्ये बीडलना जनुकांवरच्या (जनुक म्हणजे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाणारी गुणांची सूचना) कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं, पण मका त्यांच्या मनातून गेला नाही. १९७० च्या दशकात त्यांनी मका आणि तेओसिंते यांच्या संकरातून तब्बल ५० हजार झाडं वाढवली आणि तपासली. साधारण दर ५०० झाडांमागे एक हुबेहूब मक्याचं आणि एक हुबेहूब तेओसिंतेचं निघालं. यावरून त्यांनी गणित मांडलं: या दोघांमधला मुख्य फरक फक्त चार-पाच जनुकांचा असला पाहिजे.

गणित आवडणाऱ्यांसाठी: अशा संकरात एका जनुकाच्या बाबतीत मूळ रूप परत मिळण्याची शक्यता ४ मध्ये १ असते. चार जनुकं असतील तर ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६ मध्ये १. पाच असतील तर १०२४ मध्ये १. बीडलचं ५०० बरोबर या दोन आकड्यांच्या मध्ये येतं!

आज डीएनएच्या अभ्यासातून कळलं आहे, की मका साधारण ९ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या बालसास नदीच्या खोऱ्यात तयार झाला. कुणी तयार केला? तिथल्या शेतकऱ्यांनी. ज्या कणसातल्या बिया कमी गळतात, ज्यांचं कवच मऊ आहे, ज्यात दाणे जास्त आहेत, ते कणीस पेरणीसाठी बाजूला ठेवायचं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच. आजीने निवडलं, मग आईने, मग लेकीने. अशा शेकडो पिढ्या गेल्या. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याकडे नाही, पण त्यांचं काम आपल्या हातात आहे.

आणि म्हणूनच मका माणसाशिवाय जगू शकत नाही. त्याचे दाणे पाल्यात घट्ट गुंडाळलेले आणि दांड्याला चिकटलेले. अख्खं कणीस जमिनीवर पडलं तर शेकडो रोपं एकाच जागी उगवतील, अन्नपाण्यासाठी एकमेकांशी झगडतील आणि मरून जातील. दाणे सोडवून, अंतर ठेवून पेरणारा हात त्याला लागतोच.

विस्तवावर काय घडतं?

आता शेगडीकडे वळू. थांबा! विस्तवाजवळ किंवा गॅसजवळ जाताना घरातलं मोठं माणूस सोबत हवंच.

आधी कणीस कोवळं आहे का ते तपासा. एका दाण्यात नख रुतवा. पांढरं दूध आलं, तर दाणा चिकात आहे, भाजायला अगदी योग्य. पाणीच आलं तर फार कोवळा. काहीच आलं नाही तर निबर. कणीस तोडल्यावरही आतले दाणे काम करत राहतात. ते साखरेपासून पिष्ट, म्हणजे स्टार्च, बनवतात. त्यामुळे शिळ्या कणसाची गोडी कमी होते. आणलेल्या दिवशीच भाजावं हे उत्तम. नाही जमलं तर पाल्यासकट फ्रिजमध्ये ठेवावं, म्हणजे हे काम मंदावतं. बाजारातल्या स्वीट कॉर्नमध्ये मात्र जनुकातल्या बदलामुळे साखरेचं पिष्ट कमी बनतं, म्हणून ते जास्त गोड. मेक्सिकोच्या गाड्यांवर बहुतेक वेळा पांढऱ्या दाण्यांचं, कमी गोड, चावायला भरीव असं कणीस असतं. म्हणजे आपल्या गावरान मक्याच्या जवळचंच. तुम्हाला मिळेल ते घ्या.

कणीस निखाऱ्यावर ठेवलं की आधी आतलं पिष्ट शिजतं. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि दाणा मऊ होतो. १०० अंशांना दाण्यातल्या पाण्याची वाफ होते. पण ते तांबूस-काळे खरपूस डाग? ते पडायला वरचा भाग कोरडा होऊन १४० अंशांच्या आसपास तापावा लागतो. तेव्हा साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांत मिसळून शेकडो नवे पदार्थ बनवतात: नवा रंग, नवा वास, नवी चव. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून या क्रियेला मायार क्रिया म्हणतात. भाकरीचे डाग, चपातीचे फोड, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, सगळ्यांत तिचाच हात आहे.

आता सांगा, उकडलेल्या कणसाला डाग का पडत नाहीत? कारण साध्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर तापतच नाही. कुकरमध्येही जेमतेम १२० पर्यंत मजल जाते. खरपूसपणा हवा तर निखाराच हवा.

भाजताना येणारा वास ओळखीचा वाटतो का? भाजलेल्या मक्याच्या आणि लाह्यांच्या वासात ‘२-असेटिल-१-पायरोलिन’ नावाचं एक द्रव्य असतं. नाव अवघड आहे, पण ओळख जुनी आहे. आंबेमोहर आणि बासमती तांदळाच्या वासातही हेच द्रव्य असतं!

आणि तो ‘फट्’ असा आवाज? दाण्याच्या सालीखाली वाफ कोंडली, की साल फाटते आणि दाणा उडतो. म्हणूनच तोंड शेगडीपासून लांब ठेवायचं.

पांढरं, लाल आणि आंबट

भाजून झालं, आता सजवायचं. मेयोनीज म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब आंबट पाण्यात अडकवून ठेवलेले. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण अंड्याच्या बलकातलं लेसिथिन दोघांनाही धरून ठेवतं. एक छोटा प्रयोग करा. बाटलीत पाणी आणि तेल घालून हलवा. थोड्या वेळाने दोन थर होतील. आता चमचाभर मोहरीची पूड घालून पुन्हा जोरात हलवा. या वेळी थर वेगळे व्हायला जास्त वेळ लागेल, कारण मोहरीतले पदार्थ तेलाच्या थेंबांना एकत्र येऊ देत नाहीत.

वरून पडणारं चीज असतं ‘कोतिखा’. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या कोतिखा गावावरून त्याला नाव पडलं. ते कोरडं, खारट आणि भुगा होणारं असतं, आणि तापलं तरी त्याची तार येत नाही. आपल्या पनीरचंही तसंच. तेही तापून वितळत नाही. म्हणून मीठ चोळलेलं किसलेलं पनीर इथे छान चालतं.

तिखटातल्या कॅप्सेसिन या द्रव्याने जीभ भाजल्यासारखी वाटते. खरं तर जीभ भाजलेली नसते. उष्णता ओळखणारी जी यंत्रणा आपल्या नसांमध्ये आहे, नेमकी तीच कॅप्सेसिनमुळेही जागी होते. हे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं (अर्डेम पटापूटियन यांच्यासोबत). कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र सहज विरघळतं. त्यामुळे साय-चीज लावलेलं कणीस कमी झोंबतं. पक्ष्यांना तर तिखट लागतच नाही! मेक्सिकोतल्या इवल्याशा रानमिरच्या पक्षी मजेत खातात आणि त्यांच्या बिया दूरवर पसरवतात.

आता या कणसावरच्या मंडळींची गावं बघा. मका मेक्सिकोचा. मिरचीही तिकडचीच. ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून भारतात आली. त्याआधी आपल्याकडे जेवणात तिखटपणा आणायला मिरे आणि पिंपळी होती. उलट लिंबू आशियातलं. ते पश्चिमेकडे सरकत युरोपात गेलं आणि तिथून समुद्र ओलांडून अमेरिकेत. दूध देणाऱ्या गाईही अमेरिकेत नव्हत्या. कोलंबसाने १४९३ मध्ये आपल्या दुसऱ्या सफरीत गुरं तिकडे नेली. म्हणजे त्याआधी मेक्सिकोत कणसावर लिंबू नव्हतं आणि चीजही नव्हतं. आणि आपल्याकडे लिंबू होतं, दूध होतं, पण मिरची नव्हती. दोन्हीकडच्या वस्तू एकमेकांना भेटल्या, तेव्हा कुठे ही चव तयार झाली.

चला, करू या

साहित्य: ४ कोवळी कणसं, ४ मोठे चमचे चक्का, २ मोठे चमचे साय, लसणाची १ पाकळी, १०० ग्रॅम पनीर, १ छोटा चमचा लाल तिखट, १ लिंबू, थोडी कोथिंबीर, मीठ, थोडं तूप. घरी अंडं चालत असेल तर चक्क्याऐवजी मेयोनीज घ्या.

१. कणसाचा पाला खाली ओढा, पण तोडू नका. केस काढून टाका. पाला मागे वळवून सुतळीने बांधा आणि पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे तो लवकर पेटणार नाही. ही झाली मूठ.

२. पनीर किसून त्यात पाव चमचा मीठ मिसळा आणि बाजूला ठेवा.

३. चक्का, साय, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर मीठ एकत्र फेटा.

४. दाण्यांना तुपाचा हात लावा. मोठ्यांच्या मदतीने निखाऱ्यावर किंवा गॅसवर जाळी ठेवून कणीस भाजा. सतत फिरवत राहा. सगळीकडून तांबूस ठिपके पडले की उतरवा.

५. गरम असतानाच फेटलेलं मिश्रण चमच्याने फासा, पनीर दाबून लावा, तिखट आणि कोथिंबीर भुरभुरा, लिंबू पिळा आणि लगेच खा.

जाता जाता

मेक्सिकोत वाळलेल्या मक्याचंही शास्त्र आहे. तिथले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर मुरवतात, धुतात आणि मग दळून त्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, करतात. चुन्यामुळे साल सुटते आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. त्यामुळे जिथे गरीब लोक फक्त मक्यावर जगत होते, तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. बियाणं नेलं, पण ते पिकवणाऱ्यांचं ज्ञान नेलं नाही, याची ही किंमत होती.

रंगीत मका मिळाला तर तोही निरखून बघा. प्रत्येक दाण्याचा परागकण वेगळा असतो, म्हणून एकाच कणसावर पिवळे, पांढरे, जांभळे दाणे शेजारी बसलेले दिसतात. अशा दाण्यांवर कधी कधी दिसणाऱ्या ठिपक्यांचं कोडं सोडवताना बार्बरा मॅकक्लिंटॉक या शास्त्रज्ञ बाईंना कळलं, की काही जनुकं आपली जागा सोडून दुसरीकडे उडी मारतात. कितीतरी वर्षं लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आता तुमचं काम. मेक्सिकोतली शेतकरी कुटुंबं आजही दरवर्षी चांगली कणसं निवडून बियाणं ठेवतात. तुम्हीही हे करू शकता. गावी कुणाकडे गावरान मक्याचं वाळलेलं कणीस असेल तर त्यातले २० दाणे मागून आणा. बाजारातलं स्वीट कॉर्न बहुधा संकरित असतं. त्याच्या दाण्यांपासून तसंच कणीस मिळेल याची खात्री नसते. पाऊस सुरू झाला की अंगणात, शाळेच्या बागेत किंवा गच्चीवरच्या मोठ्या कुंड्यांमध्ये वीतभर अंतराने दाणे पेरा. एका लांब ओळीत पेरू नका, चौकोनात पेरा. वारा कुठूनही आला तरी पराग शेजारच्या केसांवर पडले पाहिजेत. कोवळं कणीस यायला साधारण अडीच-तीन महिने लागतील.

कणसं आली की ओळी मोजा, दाणे मोजा, रिकाम्या जागा मोजा आणि वहीत लिहून ठेवा. सगळ्यांत चांगल्या भरलेल्या दोन कणसांना मात्र हात लावू नका. ती झाडावरच वाळू द्या आणि पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी ठेवा. उरलेली भाजा, आणि तुमच्या कणसात किती ओळी आल्या ते आम्हाला पत्राने जरूर कळवा!